गिनीपिगला मुतखडा झाला तर

लघवीला बसलेला गिनीपिग पाठ वर काढून थांबतो, बारीक आवाजात कण्हतो आणि तो उठून गेल्यावर कापडावर गुलाबी डाग दिसतो. यातली एक खूण दिसली तरी मूत्राशयात खडा असू शकतो असं धरून चालायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. अडीच-तीन वर्षांच्या पुढच्या गिनीपिगमध्ये मुतखडा हा नेहमी आढळणारा आजार आहे. आपल्याकडे शहरांतल्या अनेक घरांत आता गिनीपिग आहेत. पण कुत्र्या-मांजरांच्या दुखण्याबद्दल शेजारीपाजारीही चार गोष्टी सांगू शकतात, तसं गिनीपिगच्या बाबतीत होत नाही. मालक एकटा पडतो आणि घाईघाईत नको ते करून बसतो. म्हणून हा लेख.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा. खडा बाहेर काढणं हे डॉक्टरचं काम आहे. तो घरच्या कुठल्याही उपायाने विरघळत नाही. पण त्या आधी आणि त्या नंतर गिनीपिगचं पोट चालू ठेवणं हे आपलं काम आहे. या प्राण्याचं आतडं सतत चालतं राहावं लागतं. दुखण्यामुळे त्याने खाणं सोडलं की आतडं मंदावतं, वायू धरतो, यकृतावर ताण येतो आणि दोन-तीन दिवसांत खड्यापेक्षा उपासच जिवावर उठतो.

खडा होतो कसा?

माणसाचं शरीर अन्नातलं कॅल्शियम गरजेपुरतं शोषून घेतं आणि उरलेलं बहुतांशी शौचावाटे जातं. गिनीपिगचं तसं नाही. सशाप्रमाणेच त्याच्या आहारात कॅल्शियम जितकं जास्त तितकं ते रक्तात जास्त उतरतं आणि जादाचं मूत्रपिंडातून लघवीत येतं. त्याची लघवी मुळातच अल्कधर्मी असते आणि अशा लघवीत कॅल्शियमचे स्फटिक सहज तयार होतात. धडधाकट गिनीपिगची लघवीसुद्धा थोडी गढूळ असते, ती त्यामुळेच. हे स्फटिक मूत्राशयाच्या तळाशी साचत गेले की आधी गाळ होतो आणि मग खडा.

हे खडे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात तपासलेल्या खड्यांपैकी बहुसंख्य खडे निव्वळ कॅल्शियम कार्बोनेटचे निघाले. कुत्र्या-मांजरांमधले काही खडे विशिष्ट आहार देऊन विरघळवता येतात, कारण त्यांची लघवी आम्लधर्मी करता येते. वनस्पतींवर जगणाऱ्या गिनीपिगची लघवी तशी करता येत नाही, आणि करायला जाणं धोक्याचं आहे. आपल्या घरांत मुतखड्यावर कुळथाचं कढण, पानफुटीचा रस, पाषाणभेदाच्या गोळ्या असे उपाय माहीत असतात. ते गिनीपिगवर करू नका. त्याने खडा जात नाही आणि हातातले मोलाचे दिवस मात्र निघून जातात.

कारणं एकाहून जास्त असतात: कॅल्शियमयुक्त खाणं, कमी पाणी, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, लहान पिंजऱ्यातलं बैठं जगणं, वाढलेलं वजन आणि शरीराची जन्मजात ठेवण. एकाच पिंजऱ्यात राहून तेच खाणाऱ्या दोघांपैकी एकालाच खडा होतो, असं पुष्कळदा घडतं. त्यामुळे स्वतःला दोष देत बसण्यात अर्थ नाही.

खुणा ओळखा

गिनीपिग हा शिकार होणारा प्राणी. आजार लपवणं त्याच्या रक्तात आहे. त्याचं दुखणं उघड दिसू लागतं तोवर ते बरंच पुढे गेलेलं असतं. म्हणून या खुणा बारकाईने पाहा:

- लघवी करताना किंवा लेंड्या टाकताना कण्हणं, किंचाळणं
- लघवीत रक्त, किंवा थोडी थोडी लघवी वारंवार होणं
- मागचा भाग सतत ओला, केसांना उग्र वास
- पाठ वर काढून, केस फुलवून एका कोपऱ्यात बसून राहणं
- लेंड्या कमी, लहान किंवा कोरड्या होणं
- आवडीच्या भाजीकडेही न धावणं आणि वजन उतरणं

लघवी वाळल्यावर कापडावर रांगोळीसारखी मऊ पांढरी पूड राहिली तर सहसा काळजीचं कारण नाही. तीच बोटांना खरखरीत, रवाळ लागली तर मूत्राशयात गाळ साचतो आहे असं समजा. लघवी तांबूस-नारिंगी दिसली म्हणजे रक्तच असतं असंही नाही. काही वनस्पतींच्या रंगद्रव्यांनी, विशेषतः बीट खाल्ल्यावर, ती रंगते. नुसत्या डोळ्यांनी निवाडा करू नका, डॉक्टरकडे पट्टीची तपासणी मिनिटात होते. मादीच्या बाबतीत आणखी एक लक्षात ठेवा: पिंजऱ्यात दिसलेलं रक्त गर्भाशयातूनही आलेलं असू शकतं. तेही तितकंच गंभीर असतं.

गिनीपिग जोर करतो आहे आणि लघवीचा थेंबही येत नाही, ही आणीबाणी आहे. खडा मूत्रमार्गात अडकलेला असू शकतो. नरामध्ये मूत्रमार्ग लांब आणि अरुंद असल्याने हा धोका अधिक. मादीचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद असतो, त्यामुळे लहानसा खडा कधीकधी आपोआप बाहेर पडतो किंवा डॉक्टर भूल देऊन तो बाहेर घेऊ शकतात. पण अडथळा पूर्ण असेल तर नर असो वा मादी, सकाळपर्यंत थांबायचं नाही.

डॉक्टरकडे जाताना

प्रत्येक पशुवैद्य गिनीपिगवर उपचार करत नाही. आजाराच्या रात्री शोधाशोध करण्यापेक्षा आजच दोन-तीन ठिकाणी फोन करून ‘तुमच्याकडे ससे आणि गिनीपिग पाहणारे डॉक्टर आहेत का, त्यांच्यावर शस्त्रक्रिया करता का?’ असं विचारून ठेवा. मोठ्या शहरांत अशा लहान प्राण्यांवर उपचार करणारे खाजगी दवाखाने आहेत. मुंबईत परळला बाई सकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आणि मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथेही पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथेही जाण्याआधी फोन करून गिनीपिग पाहणारे डॉक्टर कोणत्या वारी, कोणत्या वेळी असतात ते विचारून घ्या.

नेताना बंद पेटीत टॉवेल अंथरा, मूठभर गवत आणि काकडीचा तुकडा ठेवा. त्याचा जोडीदार असेल तर त्यालाही बरोबर न्या. सोबतीने गिनीपिग शांत राहतो. लघवीचा ताजा नमुना मिळाला तर उत्तम: स्वच्छ प्लॅस्टिकवर त्याला थोडा वेळ ठेवा, लघवी झाली की सुईविना सिरिंजने ओढून घ्या आणि लगेच न्या. गेल्या काही आठवड्यांची वजनं, रोजचं खाणं, चालू औषधं एका कागदावर लिहून ठेवा. गडबडीत तोंडी सांगताना महत्त्वाचं राहून जातं.

डॉक्टर पोट हाताने चाचपतील, लघवी तपासतील आणि एक्स-रे काढतील. कॅल्शियमचे खडे एक्स-रेमध्ये पांढरे, स्पष्ट दिसतात. खडा मूत्राशयात आहे की मूत्रपिंडात, मूत्रनलिकेत की मूत्रमार्गात, एक आहे की अनेक, यावर पुढचा सगळा निर्णय अवलंबून असतो. गरजेप्रमाणे सोनोग्राफी आणि मूत्रपिंडाचं काम पाहण्यासाठी रक्ततपासणीही होते.

शस्त्रक्रियेचा निर्णय

नुसता गाळ असेल तर डॉक्टर त्वचेखाली सलाईन, वेदनाशामक आणि संसर्ग असल्यास प्रतिजैविक देऊन तो धुऊन काढण्याचा प्रयत्न करतात. खडा तयार झाला असेल आणि तो वाटेने बाहेर येण्याजोगा नसेल, तर मूत्राशय उघडून काढणं हाच मार्ग उरतो. वाट पाहिल्याने खडा वाढतो, मूत्राशयाचं अस्तर सोलवटत जातं आणि जनावर अशक्त होतं. अशक्त गिनीपिगला भूल सोसत नाही. म्हणून शस्त्रक्रिया करायचीच असेल तर तो खातापिता असताना केलेली बरी.

होकार देण्यापूर्वी हे प्रश्न जरूर विचारा:

- तुम्ही गिनीपिगची ही शस्त्रक्रिया आधी केली आहे का?
- भूल कोणती देणार, आणि शुद्धीवर येईपर्यंत त्याला ऊब कशी देणार?
- वेदनाशामक किती दिवस चालेल?
- घरी सोडण्याआधी तो खातो आहे, लघवी करतो आहे, याची खात्री करणार ना?
- एकूण खर्च किती येईल, आणि काही गुंतागुंत झाली तर किती वाढेल?

एक गोष्ट आवर्जून बोलून घ्या. कुत्र्या-मांजरांना भूल देण्याआधी रात्रभर उपाशी ठेवतात, कारण उलटी होऊन अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. गिनीपिगला उलटी होतच नाही. त्याला रात्रभर उपाशी ठेवणं हे त्याच्या आतड्याला घातक आहे. किती तास आधी खाणं थांबवायचं ते गिनीपिगचा अनुभव असलेल्या डॉक्टरकडून नेमकं कळून घ्या, आणि कुणी सवयीने ‘रात्रीपासून काही देऊ नका’ म्हटलं तर शांतपणे पुन्हा विचारा.

काढलेला खडा स्वच्छ, कोरड्या डबीत मागून घ्या. तो कशाचा आहे याची प्रयोगशाळेत तपासणी होऊ शकली तर पुढचा आहार ठरवायला मदत होते.

घरी आणल्यावर

पहिले सात ते दहा दिवस सगळ्यात नाजूक. लाकडाचा भुसा आणि कागदाचे कपटे काढून टाका. ते जखमेला चिकटतात. त्याऐवजी फ्लीस किंवा स्वच्छ सुती टॉवेल अंथरा आणि ओला झाला की बदला. पांढरं किंवा फिकट कापड ठेवलं तर लघवीचा रंग लगेच कळतो. सुरुवातीचे काही दिवस लघवीत थोडी लाली राहते आणि ती दिवसेंदिवस फिकी होत जायला हवी. ती गडद होत गेली, गुठळ्या दिसल्या किंवा लघवी थांबली तर डॉक्टरना लगेच कळवा. जखमेवर सूज, पू, उघडलेला टाका दिसतो का ते सकाळ-संध्याकाळ पाहा.

मागचा भाग ओला राहिला तर कातडी भाजल्यासारखी लाल होते. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापडाने हलक्या हाताने पुसा आणि पूर्ण कोरडं करा. जखमेला पाणी लागू देऊ नका. पावसाळ्यात तर जास्तच जपावं लागतं, कारण ओल्या केसांवर माश्या अंडी घालतात आणि थोड्याच वेळात अळ्या होतात. पिंजऱ्यावर बारीक जाळी घाला.

आता मुख्य काम: खाऊ घालणं. घरी आलेला गिनीपिग स्वतःहून गवत खाऊ लागला तर देवच पावला. पण बहुतेक जण पहिले एक-दोन दिवस तोंड फिरवतात. तेव्हा हाताने भरवावं लागतं. आजारी शाकाहारी प्राण्यांसाठी मिळणारी तंतुमय पूड, जशी ऑक्सबो कंपनीची क्रिटिकल केअर, घरात आधीच आणून ठेवा. ती नसेल तर रोजच्या टिमोथी गवताच्या गोळ्या कोमट पाण्यात भिजवून, मिक्सरमध्ये बारीक करून, सिरिंजमधून निघेल इतकी पातळ पेज करा. सेरेलॅक, दूध, दही, भाताची पेज, ज्यूस यातलं काहीही देऊ नका. त्यात तंतू नाहीत. आतडं चालतं ते तंतूंवर.

प्रमाण डॉक्टर वजन आणि अवस्था पाहून सांगतील. अंदाजासाठी धरा: काहीच न खाणाऱ्या गिनीपिगला किलोमागे दिवसाला साधारण ५० ते ८० मिलिलिटर पातळ केलेलं खाणं लागतं. ते दिवसभरात पाच-सहा वेळा, रात्रीही एकदा, असं विभागून द्यायचं. १ मिलिलिटरची सिरिंज नवख्या माणसाला सोपी जाते.

भरवताना त्याला टॉवेलमध्ये सैलसर गुंडाळून मांडीवर चारी पाय टेकवून बसवा. उताणं कधीही करू नका. सिरिंजचं टोक पुढच्या दातांच्या मागे, तोंडाच्या कडेने आत घाला. अर्धा मिलिलिटर सोडा, थांबा, तो चावतो आणि गिळतो हे पाहा, मगच पुढचा घास. घाईने सोडलेलं खाणं श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. त्याने डोकं झटकलं तर दोन मिनिटं सोडून द्या. रागावू नका, जबरदस्ती करू नका. पण वेळ चुकवूही नका. भरवणं चालू असतानाही पिंजऱ्यात ताजं गवत आणि कोथिंबिरीच्या दोन काड्या कायम ठेवा. वासाने भूक परत येते.

रोज एकाच वेळी, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर, त्याचं वजन करा आणि लिहून ठेवा. मोठ्या गिनीपिगचं वजन साधारण ७०० ते १२०० ग्रॅम असतं. दिवसागणिक १०-२० ग्रॅम इकडेतिकडे होतातच. एकूण ५० ग्रॅम घटले तर डॉक्टरशी बोला. दहा टक्क्यांच्या वर घट ही गंभीर बाब आहे. लेंड्याही मोजल्यासारख्या पाहा. त्या भरपूर आणि टपोऱ्या झाल्या की आतडं मार्गी लागलं.

औषधांची लक्ष्मणरेषा

हा भाग घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवा. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, पेनिसिलिन, सेफालेक्सिन, क्लिंडामायसिन, एरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविकं तोंडावाटे दिली तर गिनीपिग मरू शकतो. त्याच्या आतड्यातले उपयोगी जंतू त्यामुळे नष्ट होतात, विषारी जंतू वाढतात आणि काही दिवसांत अतिसाराने जीव जातो. माणसांना सर्रास दिली जाणारी हीच औषधं औषधाच्या दुकानात पटकन हातात पडतात, म्हणून धोका मोठा. अनुभवी डॉक्टर एन्रोफ्लॉक्सॅसिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फासारखं औषध निवडतात. लिहून दिलेलं नाव तुम्ही वाचा, आणि शंका आली तर विचारा. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

वेदनेसाठी मेलॉक्सिकॅम बहुधा दिलं जातं, पण त्याची मात्रा फक्त डॉक्टरनेच ठरवायची, कारण मूत्रपिंड अधू असेल तर तेही जपून द्यावं लागतं. घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांना हात लावू नका. आणि वेदनाशामक मध्येच बंदही करू नका. दुखणारा गिनीपिग खात नाही, आणि न खाणारा गिनीपिग वाचत नाही. पुन्हा खडा होऊ नये म्हणून काही डॉक्टर पोटॅशियम सायट्रेट देतात. ते सगळ्यांना चालत नाही, त्यामुळे दुसऱ्याच्या अनुभवावरून सुरू करू नका.

पुन्हा होऊ नये म्हणून

एकदा खडा झालेल्याला पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते. ती शून्यावर आणता येत नाही, कमी मात्र करता येते.

गवत हे पहिलं अन्न. दिवसभर, हवं तितकं. वाळलेलं टिमोथी किंवा ऑर्चर्ड गवत पाकिटात मिळतं. ओटचं वाळलेलं गवतही चालतं. मोठ्या गिनीपिगला लसूणघास, म्हणजेच ल्युसर्न किंवा अल्फाल्फा, बंद करा. चाऱ्याच्या दुकानात तो स्वस्त मिळतो आणि गिनीपिग आवडीने खातात; पण त्यात कॅल्शियम फार. तो फक्त सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लांना आणि गाभण किंवा दूध पाजणाऱ्या मादीला योग्य. ताज्या दूर्वा उत्तम. गणपतीच्या दिवसांत फुलवाल्याकडे जुड्या मिळतात. मात्र फवारलेल्या किंवा रस्त्याकडेच्या नकोत, आणि धुऊन, निथळूनच द्यायच्या.

गोळ्यांचं खाद्य दिवसाला एक मोठा चमचा पुरे. पाकिटावरचे घटक वाचा: पहिलं नाव टिमोथीचं असावं, अल्फाल्फाचं नव्हे. सशांचं खाद्य गिनीपिगला चालत नाही, त्यात क जीवनसत्त्व घातलेलं नसतं. मका, सूर्यफुलाच्या बिया, भिजवलेले हरभरे, पोळी, पाव, बिस्किटं हे सगळं थांबवा. पिंजऱ्यात टांगायचे खनिजांचे आणि मिठाचे ठोकळेही काढून टाका. आजारी मूत्राशयाला तो जादा भार असतो.

भाज्यांमध्ये रोजची मैत्रीण ढोबळी मिरची. जोडीला काकडी, लेट्यूस, दोडक्याचा तुकडा, कधी गाजराची चकती. कोथिंबीर थोडी, रोज मूठभर नको. मेथी, माठ, राजगिरा, मुळ्याचा पाला, शेवग्याचा पाला, कढीपत्ता यांत कॅल्शियम भरपूर, तर पालकात ऑक्सॅलेट जास्त. खडा झालेल्या गिनीपिगला या पालेभाज्या टाळलेल्या बऱ्या. कच्चं अळू, कांदा, लसूण, बटाटा तर कुणालाच देऊ नका. मात्र घाबरून कॅल्शियम पूर्ण तोडण्याचा अट्टहासही नको. दात आणि हाडांना ते लागतंच. अतिरेक टाळायचा, एवढंच.

क जीवनसत्त्व गिनीपिगचं शरीर माणसाप्रमाणेच स्वतः तयार करू शकत नाही. किलोमागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम लागतं. आजारपणात डॉक्टर वाढवतात. ढोबळी मिरचीचा २५-३० ग्रॅमचा तुकडा ही रोजची गरज भागवू शकतो. बिया काढलेल्या पेरूची लहानशी फोड आठवड्यातून एक-दोनदा द्यायला हरकत नाही. जीवनसत्त्वाचे थेंब पाण्यात घालू नका: ते लवकर नासतात आणि पाण्याची चव बदलल्याने तो पाणी कमी पितो. गरज नसताना भारी मात्रेच्या गोळ्याही नकोत, कारण जादा क जीवनसत्त्वाचं शरीरात ऑक्सॅलेट होतं.

पाणी हे सगळ्यात स्वस्त औषध. बाटलीबरोबर एक जड, पसरट मातीचं किंवा चिनी मातीचं भांडंही ठेवा. अनेक गिनीपिग भांड्यातून जास्त पितात. बाटलीच्या नळीतली गोळी अडकली नाही ना, हे रोज बोटाने दाबून पाहा. भाज्या धुऊन ओल्याच द्या, म्हणजे पोटात थोडं पाणी आणखी जातं. नळांवर पांढरे क्षार साचतात असं जड बोअरचं पाणी घरी येत असेल, तर त्याला गाळण यंत्राचं पाणी द्या. अर्थात मुख्य कॅल्शियम अन्नातून येतं. पाणी बदललं म्हणून आहाराकडे दुर्लक्ष चालणार नाही.

ऊन आणि हालचाल

गिनीपिग मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. थंड हवेतल्या या प्राण्याला २७-२८ अंशांच्या वरचा उकाडा सोसत नाही. विदर्भ-मराठवाड्याचा उन्हाळा तर त्याच्यासाठी जीवघेणाच. उष्म्याने अंगातलं पाणी आटतं, लघवी दाट होते आणि गाळ वाढतो. पिंजरा घरातल्या सगळ्यात गार खोलीत, जमिनीलगत ठेवा. दुपारी शहाबादी फरशीचा तुकडा किंवा कापडात गुंडाळलेली बर्फाची बाटली त्याला टेकायला द्या. कूलरचा झोत थेट अंगावर नको.

दिवसभर एका जागी बसलेल्या गिनीपिगच्या मूत्राशयात गाळ तळाशी बसून राहतो. पिंजरा मोठा घ्या, आणि रोज तास-दोन तास त्याला बंद खोलीत, घसरणार नाही अशा सतरंजीवर मोकळं सोडा. गवताचे ढीग वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवले की तो आपोआप फिरतो. पाण्याची जागा आणि लपायची जागाही एकमेकींपासून दूर ठेवा.

शस्त्रक्रियेनंतर दर तीन ते सहा महिन्यांनी एक्स-रे काढून घेण्याबद्दल डॉक्टरशी बोला. नवा खडा लहान असतानाच सापडला तर हातात पर्याय जास्त असतात.

पुन्हा पुन्हा झाला तर

काही गिनीपिगना सगळं नीट करूनही पुन्हा खडा होतो. गिनीपिगचं आयुष्य पाच ते आठ वर्षांचं. सहा वर्षांच्या, मूत्रपिंडं थकलेल्या जनावराला तिसरी शस्त्रक्रिया करावी का, याचं उत्तर सर्वांसाठी एक नाही. डॉक्टरना स्पष्ट विचारा: याला वेदना किती आहे, बरा होण्याची शक्यता किती, आणि बरा झाला तर पुढचे महिने कसे असतील? वेदना आवाक्याबाहेर गेली असेल, खाणं परत येत नसेल, तर वेदनेविना निरोप देणं हेही पालकत्वातलंच एक कर्तव्य आहे. तो निर्णय घेणाऱ्याने माया कमी केली असं कुणी म्हणू नये.

आपल्याकडे गिनीपिग बरेचदा मुलांच्या हट्टासाठी, बाजारातून फारसा विचार न करता आणला जातो, आणि ‘एवढ्याशा जिवाला कसला डॉक्टर?’ असं ऐकवणारे घरातच निघतात. त्यांचं ऐकू नका. त्या एवढ्याशा जिवाला आपल्याइतकीच वेदना होते आणि ती सांगायला त्याच्याजवळ तुमच्याशिवाय कुणी नाही. हा लेख वाचून झाल्यावर तीन गोष्टी करा: स्वयंपाकघरातल्या काट्यावर आज त्याचं वजन करून तारखेसह लिहा, गिनीपिग पाहणाऱ्या डॉक्टरचा नंबर शोधून फोनमध्ये ठेवा आणि भरवायच्या दोन सिरिंजा घरात आणून ठेवा. मग दर आठवड्याला वजन करत राहा. खडा लवकर सापडला तर गिनीपिग बरा होऊ शकतो.